सैल बोल्टचा दोष कुणाच्या माथी?

शेतातल्या मोटारीची स्टार्टर पेटी उघडली की आत पत्र्यातूनच उगवल्यासारखा एक बोल्ट दिसतो. त्याला वेल्डिंगचा टाका नसतो, मागे नटही नसतो. बाहेरून पाहिले तर त्याचे डोके पत्र्याच्या पातळीत बुडालेले असते, बोट फिरवले तरी जेमतेम जाणवते. अर्थिंगची तार या बोल्टला बांधायची असते. कारखान्यात त्याला क्लिंच स्टड म्हणतात, किंवा नुसते 'पेम'. पेम हे खरे तर एका अमेरिकन कंपनीच्या मालाचे नाव. 1942 साली पेनसिल्व्हेनियात स्वॉनस्ट्रॉम नावाच्या गृहस्थांनी ती काढली. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणू लागले, तसेच या बोल्टचे झाले.

हा बोल्ट सैल निघाला की पहिली शिवी प्रेसवरच्या पोराला बसते. 'लक्ष नव्हते', 'नीट दाबला नाही', 'हलगर्जीपणा'. पत्र्याच्या पेट्यांची ड्रॉइंगे करणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्या निमित्ताने तलासरी, उंबरगाव, बोईसर इकडच्या लहान कारखान्यांत माझे जाणे-येणे असते. तिथे जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की बहुतेक वेळा दोष त्या पोराचा नसतो. दोष कागदाचा असतो, आणि कागद करणाऱ्याचे नाव चौकशीत कधी येत नाही.

हा बोल्ट पत्र्यात टिकतो कसा, ते आधी पाहू. बोल्टच्या डोक्याखाली बारीक दाते असतात आणि त्यांच्या लगेच खाली एक गोल खाच, म्हणजे गळा. बोल्ट भोकात घालून सपाट पंचाने डोके दाबले की डोक्याखालचा पत्रा जागा सोडतो. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो थंडच्या थंड वाहतो आणि गळ्यात जाऊन बसतो. दाते बोल्टला फिरू देत नाहीत, गळ्यात शिरलेला पत्रा त्याला बाहेर पडू देत नाही. सारे डिझाईन एका हिशेबावर उभे आहे: डोक्याने जेवढा पत्रा ढकलला, तेवढ्याने गळा भरला पाहिजे.

आता भोक मोठे झाले तर काय होईल? ढकललेला पत्रा आधी ती मोकळी फट भरण्यात खर्च होईल आणि गळा अर्धाच भरेल. वरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही. डोके तसेच सपाट, बोल्ट तसाच उभा. एम-5 च्या अशा स्टडला भोक 5.00 मिलिमीटर लागते आणि सूट फक्त वरच्या बाजूला 0.08 मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी. त्या केसापलीकडे गेलेले भोक बोल्टला धरते, पण पाहुण्याला धरावे तसे.

आणखी गंमत म्हणजे या कामात चांगल्या सवयी वाईट ठरतात. कोणत्याही उस्तादाकडे शिकलेला मुलगा भोक पाडल्यावर मोठे ड्रिल फिरवून त्याची कड मोडतो, बर काढतो. ती शिस्त त्याच्या हातात मुरलेली असते. इथे मात्र भोकाची तीच धारदार कड गळ्यात जायची असते. ती मोडली की बोल्टचे अन्नच काढून घेतले. तसेच, पंचाने पाडलेले भोक दोन्ही बाजूंनी सारखे नसते. पंच जिथून शिरतो तिथे ते नेमके असते, डायच्या बाजूला किंचित पसरते. बोल्ट पंचाच्या बाजूनेच घालायचा असतो. हे कुणी सांगितल्याशिवाय कसे कळणार? डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डीजवळच्या एका चिकूच्या वाडीतून तक्रार आली. स्टार्टर पेटीतल्या अर्थिंगच्या बोल्टवर वायरमन नट आवळू लागला तर बोल्टच नटाबरोबर फिरू लागला. या बोल्टचा हाच मोठा तोटा. एकदा सुटला की मागून पाना लावायला डोकेच नसते. वायरमनने मग तार बिजागरीला गुंडाळली आणि तो निघून गेला. तीन फेजची मोटार, चिखलाने भरलेली वाडी आणि रंगावर गुंडाळलेली अर्थिंगची तार! मोटारीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत असा नियम आहे तो उगाच नाही. सुदैवाने वाडीवाल्याने पेटीला हात लावण्याआधी टेस्टर लावून पाहिला.

पेटी बनवणाऱ्या कारखान्यात चौकशी झाली आणि दोन दिवसांत निकालही लागला: प्रेसवरचा कंत्राटी मुलगा दोषी, त्याला घरी बसवले. मुलगा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, कामावर येऊन चार महिने झालेले. मला त्या पेटीचा पुढचा नमुना करायचा होता, म्हणून मी जुन्या पेट्या मागवल्या आणि त्यांतले बोल्ट उलटे दाबून काढले. भोके 5.2 मिलिमीटरची निघाली. ड्रॉइंगवर तर 5 लिहिलेले होते. मग 5.2 आले कुठून?

उलगडा सोपा होता. पत्र्याला भोके पाडून तो आधी पावडर कोटिंगला पाठवला होता आणि बोल्ट नंतर दाबायचे ठरले होते. कोटिंगचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा. तो भोकाच्या आतही बसतो आणि दोन्ही बाजूंनी मिळून भोक 0.1 मिलिमीटरहून जास्त आक्रसते. बोल्ट आत जाईना. दिवसाचा आकडा तर पुरा करायचा होता. मुलाने ड्रिल घेतले, सगळी भोके साफ केली, बोल्ट छान आत गेले आणि डोकी सपाट बसली. त्याच्या समोर अडचण होती, त्याने ती सोडवली. ड्रॉइंगवर 'आधी बोल्ट, मग आट्यांवर टोपी घालून कोटिंग' ही एक ओळ कुणी लिहिली असती तर ड्रिल हातात घ्यायची वेळच आली नसती.

ती ओळ न लिहिणाऱ्याला कुणी घरी बसवले नाही.

बहुतेक ड्रॉइंगांवर या बोल्टसाठी बाण काढून 'एम-5 स्टड, 2 नग' एवढेच लिहिलेले असते. हे डिझाईन नव्हे, ही वाण्याची यादी झाली. पत्रा किती कडक, भोक किती आणि कोणत्या पद्धतीने पाडायचे, बोल्ट कोणत्या बाजूने, कडेपासून किती आत, कोटिंगच्या आधी की नंतर, किती बलाने आवळल्यावरही तो फिरता कामा नये, हे सगळे त्या कागदावर यायला हवे. या जोडाचा निम्मा भाग बोल्ट आणि निम्मा पत्रा आहे. बोल्ट कंपनीतून तयार येतो, उरलेले निम्मे आपण त्या चार महिन्यांच्या मुलावर सोपवतो आणि त्याला सांगत काहीच नाही.

किनाऱ्यावर आणखी एक घोटाळा होतो. खाऱ्या हवेने गंज चढतो म्हणून गिऱ्हाईक म्हणते, सगळे स्टेनलेसच द्या, पत्राही आणि बोल्टही. ऐकायला बरोबर वाटते. पण बोल्टने पत्र्याला दबवायचे तर बोल्ट पत्र्यापेक्षा बराच कडक हवा. 304 च्या पत्र्यात साधा 300 मालिकेचा स्टेनलेस बोल्ट दाबला तर दोघे तोलामोलाचे निघतात. दात पत्र्यात घुसायच्या ऐवजी स्वतःच चेपतात. तिथे खास कडक केलेला बोल्ट लागतो. तो महाग असतो आणि त्यातल्या 400 मालिकेच्या जाती गंजाला तितक्या टक्कर देत नाहीत. कुठल्या पेटीला काय हवे ते आधीच बसून ठरवावे लागते. कित्येकदा जस्ताचा थर दिलेला साधा पत्रा आणि कडक पोलादी, जस्त चढवलेला बोल्ट हीच जोडी शहाणपणाची ठरते. वेल्डिंगचा बोल्ट लावला असता तर टाक्याच्या जागी पत्र्यावरचे जस्त जळून गेले असते आणि डहाणूच्या हवेत पहिला गंज तिथेच धरला असता. पत्र्याचे जस्त शाबूत राहते, म्हणून तर किनाऱ्यावर या दाबून बसवलेल्या बोल्टचे मोल.

हे सगळे मी डहाणू-तलासरीच्या संदर्भात का लिहितो आहे? 20 जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. घातक उद्योगांना मज्जाव झाला आणि परवानगी असलेल्या उद्योगांसाठीही एकूण 500 एकरांची मर्यादा आली. अधिसूचनेची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 मध्ये प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. चिकूच्या वाड्या आणि खाड्या आज जेवढ्या उरल्या आहेत त्यात या अधिसूचनेचा वाटा मोठा आहे, आणि ती मोडीत काढावी असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण परिणाम असा झाला की इथली पोरे कामासाठी दक्षिणेला तारापूर-बोईसरला नाहीतर उत्तरेला हद्द ओलांडून उंबरगाव-वापीला जातात. सकाळच्या गाडीने हात जातात, रात्रीच्या गाडीने दमलेले हात परत येतात. डोक्याचे काम कुणी दुसरेच करते.

आणि याच किनाऱ्यावर, चिंचणी आणि आसपासच्या गावांत, सोन्याच्या दागिन्यांच्या डाय घरोघरी हाताने कोरल्या जातात! पोलादाच्या ठोकळ्यात केसाएवढी रेघ उतरवणारे हे लोक. पंच आणि डाय यांच्यामध्ये धातू कसा वाहतो, हे त्यांच्या बोटांना कळते. दाबून बसवायच्या बोल्टचे शास्त्र याहून वेगळे नाही. धूर नाही, सांडपाणी नाही, एका खोलीत मावणारे काम. अधिसूचनेच्या चौकटीत बसेल असे हुनर इथे आधीच आहे. ते पत्र्याच्या कामाकडे वळवावे असे कुणाच्या मनात येत नाही, याचे मला नवल वाटते.

आपल्या मोहल्ल्यांतलीही कितीतरी मुले दहावीच्या आधी शाळा सोडून फॅब्रिकेशनच्या दुकानात उभी राहतात. उस्तादाकडे ती हात शिकतात, आणि चांगला शिकतात. पण उस्ताद 'असे कर' सांगतो, 'असे का' हे बहुधा त्यालाही कुणी सांगितलेले नसते. कड मोडायची की ठेवायची, हे ज्याला 'का' माहीत आहे तोच नव्या कामात ठरवू शकतो. त्यात ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत. वारली घरातला मुलगा आणि आपला शकील-समीर, दोघेही त्या कागदापुढे सारखेच मुके. मराठीत चार ओळी लिहून प्रेसवर चिकटवायला खर्च तो किती?

मालक मंडळी यावर म्हणतात, वेळ कुठे आहे, भाव कुठे मिळतो. भावाचे खरे आहे, गिऱ्हाईक पैशा-पैशाला भांडते. पण वेळेचे मला पटत नाही. नवा लॉट सुरू करताना त्याच पत्र्याच्या एका तुकड्यात बोल्ट दाबायचा, उलटा ढकलून किती जोरावर निघतो ते पाहायचे, दुसऱ्यावर नट आवळून किती जोरावर फिरतो ते पाहायचे. दहा मिनिटांचे काम. भोकासाठी एक 'जाते-जात नाही' गेज प्रेसच्या शेजारी दोरीने बांधून ठेवायचा. ज्या पेट्या परत आल्या त्यांच्या वाहतुकीचे भाडेच या सगळ्यापेक्षा जास्त झाले होते, हे त्या कारखान्याच्या हिशेबनिसाने मला स्वतः सांगितले.

नव्या नमुन्याच्या ड्रॉइंगवर मी भोकाचे माप, बाजू, क्रम आणि चाचणी मराठीत लिहून दिली आणि त्या मुलाला परत बोलवा असे दोनदा सांगितले. ड्रॉइंग त्यांनी स्वीकारले. मुलगा आता वापीला दुसऱ्या एका प्रेसवर आहे, आणि तिथल्या ड्रॉइंगवर काय लिहिलेले असते ते मी त्याला फोनवर विचारले. 'स्टड, चार नग,' तो म्हणाला.