काकांचे रक्त का थांबले नाही?

आमच्या भायखळ्याच्या चाळीतील निम्मी बिऱ्हाडे रत्नागिरीकडची. भातलावणीला माणसे गावी जातात. एका पावसाळ्यात शेजारच्या काकांना बांधावरचे गवत कापताना फुरसे चावले. जखम एवढीशी. घरच्यांनी भगत बोलावला. (१९५६ साली आपण देव सोडले, भगत मात्र साप चावला की आठवतो!) त्याने दोरी करकचून बांधली, ब्लेडने चीर दिली आणि "विष वाहून जाऊ दे" म्हणाला. रात्रभर त्या चिरेतून रक्त ठिबकत राहिले, पहाटे हिरड्यांतूनही येऊ लागले. तेव्हा कुठे सरकारी दवाखाना आठवला. काका वाचले. मुंबईत आल्यावर मला म्हणाले, "भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त पाच-दहा मिनिटांत थांबतं. मग त्या रात्री का नाही थांबलं रे?"

मी कॉमर्सचा माणूस. परंतु वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो.

बोट कापले की तिथली रक्तवाहिनी आकसते. प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या भोकावर चिकटतात आणि त्यांच्यावर फायब्रिनच्या तंतूंचे जाळे बसते. या तंतूंचा कच्चा माल म्हणजे फायब्रिनोजेन. तो रक्तात विरघळून फिरत असतो आणि थ्रॉम्बिन नावाचा घटक त्याचे तंतू बनवतो. थोडे थ्रॉम्बिन झाले की ते आणखी थ्रॉम्बिन तयार करवते. म्हणजे बोटाला सुरू झालेले गोठणे काळजापर्यंत पोचायला हवे, आणि माणूस सुरीच्या एका चिरेने मरायला हवा!

तसे होत नाही, कारण शरीराने पहारे ठेवले आहेत. जखमेपासून वाहून गेलेले थ्रॉम्बिन अँटिथ्रॉम्बिन नावाचा घटक पकडून निकामी करतो. दुसरा पहारा मला फार आवडला. रक्तवाहिनीच्या धड अस्तराला थ्रॉम्बिन चिकटले की ते आपले कामच बदलते. तिथे ते प्रोटीन सी नावाच्या घटकाला जागे करते, आणि तो घटक गोठण्याचे काम पुढे नेणारे दोन घटक तोडून टाकतो. गोठवणाराच गोठणे थांबवतो. शेवटी प्लाझ्मिन येते आणि जखम भरत असताना गुठळी विरघळवते. ज्यांच्यात हे पहारे जन्मतः कमजोर असतात, त्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

फुरशाचे विष या पहाऱ्यांना बगल देते. जखमेची वाट न पाहता ते थेट रक्तातच थ्रॉम्बिन तयार करवते. सगळीकडे बारीक तंतू बनतात, प्लाझ्मिन ते विरघळवत राहते आणि काही तासांत फायब्रिनोजेनची तिजोरी रिकामी होते. मग खऱ्या जखमेला लावायला शिल्लकच उरत नाही. अशा वेळी भगताने ब्लेड चालवले तर काय होणार?

दवाखान्यात याची परीक्षा अगदी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष द्यायचे. हे प्रतिविष घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून बनवतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींवर चालते. परळच्या हाफकिन संस्थेचे या कामातील नाव सर्वांना ठाऊक आहे. पण डॉ. हाफकिन यांनी १८९६ साली प्लेगच्या लसीचे काम सुरू केले ते भायखळ्यालाच, ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत. आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

तेव्हा गावी कुणाला साप चावला तर दोरी नको, चीर नको, तोंडाने चोखणे नको. चावलेला हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करावा आणि प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे.

काकांची एक तक्रार मात्र राहिली होती. प्रतिविष दिल्यावरही सहा तासांनी पुन्हा रक्त काढले, "आधीच एवढं गेलं होतं!" त्यांना सांगितले, प्रतिविष फक्त विषाला थांबवते. गोठण्याचा माल यकृताला नव्याने बनवावा लागतो आणि त्याला तेवढा वेळ लागतो. तो बनला की नाही, हे पाहायलाच ती दुसरी नळी होती.