पिल्लू चावतं, दोष कुणाचा?

मंडळी, कुत्र्याच्या पिल्लाबद्दल आमच्या इंझोरीत दोन मतं आहेत. पहिलं, "लहान आहे, चावू द्या, कुत्रं तिखट झालं पाहिजे." दुसरं, "एक ठेवून द्या थोबाडावर!" गंमत म्हणजे ही दोन्ही मतं बहुधा एकाच माणसाची असतात. पिल्लू दोन महिन्यांचं असताना पहिलं, आणि दात रुतू लागले की दुसरं. त्यानेही भागलं नाही तर पोत्यात घालून परगावच्या बाजारात सोडून यायचं. या तिन्हींविरुद्ध मला बोलायचं आहे.

आधी 'तिखट'चा समाचार घेऊ. शेतात रानडुकरं शिरतात, घरी म्हातारी माणसं एकटी असतात, राखण हवी हे कबूल. पण राखण होते ती भुंकण्याने. पोस्टमनपासून नातवापर्यंत दिसेल त्याचा हात धरणारं कुत्रं राखण करत नाही, घरादाराच्या जिवाला घोर लावतं.

पिल्लू चावतं का? त्याला हात नसतात म्हणून! आपण वस्तू हाताने चाचपतो, ते तोंडाने चाचपतं. त्यात दुधाचे २८ दात, सुईसारखे. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात. दात किती जोराने लावायचे हे पिल्लू भावंडांत शिकतं. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. बस्स, एवढीच शिक्षा. ही शाळा निदान आठ आठवडे चालायला हवी. आपण महिन्याभरातच पिल्लू उचलून आणतो, आणि मग बालवाडी बुडालेल्या पोराला नापास का झालास म्हणून बडवतो!

उपाय तिथलाच उचलावा. दात लागला की खेळ थांबवा, हात आवरा, पाठ फिरवून उभे राहा. ओरडू नका, हात झटकू नका, त्याला तो खेळच वाटतो. मिनिटभराने गाठ मारलेलं जुनं फडकं किंवा जाड दोरी तोंडात द्या. हात खेळणं नाही, हे कळायला काही आठवडे लागतात. मात्र नियम घरात सगळ्यांचा एकच हवा. आजोबा पाठ फिरवणार आणि नातू बोटं नाचवणार, अशाने काही होत नाही.

मारल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसाचा हात वाईट. गुरगुरलं म्हणून मारलंत तर ते गुरगुरणं सोडतं आणि पुढे इशारा न देता चावतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्गातल्या मारावर बंदी आणली, तेव्हा माझे काही व्यवसायबंधू "आता पोरं ऐकणार कशी?" म्हणत होते. शाळा काही बंद पडल्या नाहीत. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या एका पिल्लाला विनाकारण मारतात. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते आणि कुणाला उत्तर देता येत नाही. मग ती शाप देते, तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

ते न दिसणारं भय आजही आहे, त्याचं नाव रेबीज. लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि आपण म्हणतो, "पिल्लूच तर आहे!" पिल्लालाही रेबीज होतो. दात किंवा नख लागलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. मिरचीपूड, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं नाही म्हणून घरी बसू नका. लस हवी का, सोबत सीरम हवं का, हे डॉक्टर ठरवतील. लस सुरू झाली तर सांगितलेल्या तारखा चुकवू नका. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्यालाही रेबीजची लस टोचून आणा.

बाजारात सोडलेलं कुत्रं हवेत विरत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला चावतं. सांभाळायची, शिकवायची तयारी नसेल तर पिल्लू आणूच नये. पुण्या-नागपूरच्या माझ्या भाचेमंडळींनो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का! तुमच्याकडे पोत्याऐवजी गाडी असते, एवढाच काय तो फरक.