काटा हलतोय, हलू दे

मंडळी, विषय वाचून काहीजण म्हणतील, मराठी शिकवणाऱ्या बाईंना इंजिनातलं काय कळतं? आमच्या ह्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपात गेली. जेवणाच्या ताटावर बेअरिंग आणि पंप यांच्याशिवाय दुसरा विषय नसायचा. ऐकून ऐकून माणूस शिकतो. शिवाय अमेरिकेतला माझा भाचा (नातेवाईक ओळखतीलच, नाव लिहायला त्याची मनाई आहे) गेले सहा आठवडे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला मावशी कमी आणि फोरमन जास्त समजतो आहे.

त्याने जुन्या कॅमेरोसाठी शेव्हरोलेचं ३५० इंजिन घरच्या गॅरेजात स्वतः बांधलं. ३५० म्हणजे घनइंच, आपल्या हिशेबात ५.७ लिटर. हे इंजिन १९६७ साली कॅमेरोतच पहिल्यांदा आलं, तेव्हा जोडी तशी जुनीच. पण याचा ब्लॉक एकीकडचा, क्रँक दुसरीकडची, तेलाचं चेंबर जुन्या बाजारातलं. आठ महिने आणि बरीचशी शिल्लक त्यात गेली. गाडी रस्त्यावर आली आणि तेलाच्या दाबाचा काटा नाचायला लागला.

मित्रांचे लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे मीटर खोटा आहे, लक्ष देऊ नकोस. दुसरा म्हणे मोठा पंप बसव आणि २०-५० चं जाड तेल ओत. मला दोन्ही सल्ले सारखेच घातक वाटतात, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुळात पंप दाब देत नाही, तो तेल ढकलतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं, तसं बेअरिंगच्या बारीक फटीतून तेलाला वाट काढावी लागते, म्हणून दाब तयार होतो. ही फट केसाएवढी, क्रँकच्या दर इंच व्यासामागे साधारण इंचाचा हजारावा भाग. तेल तापलं की पातळ होतं, फटीतून सहज निसटतं, दाब उतरतो. म्हणजे थंड इंजिनात काटा साठावर आणि तापल्यावर सिग्नलला उभं असताना वीसच्या आसपास, यात घाबरण्यासारखं काही नाही. तिकडचे जुने मेकॅनिक दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब पुरे मानतात. जाड तेल ओतलं तर काटा वर चढेल हो, पण फट वाढली असेल तर ती तशीच राहील. नापास मुलाला ग्रेस मार्क देऊन पालकांना पेढे वाटायला लावण्यातला प्रकार.

वर्गात पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला मी पहिलं विचारायची, "कधी दुखतं?" भाच्यालाही तेच विचारलं आणि एक वही घालायला लावली. आठ दिवसांत वहीतून दोन वेगळ्या तक्रारी निघाल्या. काटा सरळ रस्त्यावर सारखा थरथरायचा, आणि दिवे लावले की जास्तच. दुसरी तक्रार अशी की ताडकन ब्रेक मारला की तो एकदम खाली बसायचा आणि मग हळूहळू वर यायचा.

तेलाचा दाब असा दिव्यांच्या बटणाला घाबरत नसतो. ते विजेचं काम. दाब मोजणाऱ्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतून मिळतं, आणि याने गळती नको म्हणून त्या आट्यांवर नळजोडणीची पांढरी टेप गुंडाळली होती! टेप काढली. तरी खात्रीसाठी नळीवर चालणारा साधा मीटर लावायला सांगितला, ज्यात विजेचा संबंधच नाही. थरथर गेली. "बघ मावशी, मीटरच खोटा होता," तो खूश.

पण ब्रेक मारल्यावरची घसरण नव्या मीटरवरही तशीच होती. आता ती खरी मानणं भाग होतं. या इंजिनाच्या चेंबरचा खोल भाग मागे असतो. जोरात ब्रेक लागला की तेल पुढे धावतं, आणि पातळी कमी असेल तर पंपाची चोखनळी क्षणभर हवा ओढते. "पण काठीवर तेल पूर्ण दिसतंय," त्याचं म्हणणं. काठी कुठली? दुसऱ्या गाडीची, जास्त लांब! तिच्यावर भरलेलं दिसणारं तेल प्रत्यक्षात अपुरं होतं. चेंबर काढलं, चोखनळीचं अंतर तपासलं, ते ठीक निघालं. मग चेंबरमध्ये खरोखर मावतं तेवढं तेल मोजून भरलं आणि काठीवर कानशीने नवी खूण केली. फिल्टर कापून पाहिला, चमकणारा कीस नव्हता. तो असता तर बेअरिंग गेलं असं समजून सगळं इंजिन परत उघडायची वेळ होती.

पहिल्या पक्षाचं ऐकलं असतं तर ते इंजिन एखाद्या दिवशी ब्रेक मारताना जाम झालं असतं. दुसऱ्याचं ऐकलं असतं तर मोठ्या पंपाने अपुरं तेल अजून वेगाने उपसलं असतं.

जाता जाता एक राग व्यक्त करते. माझदाच्या मियाटा गाडीत १९९४ पर्यंत काटा खरा दाब दाखवायचा. पुढे कंपनीने तिथे नुसता स्विच बसवला. थोडासा दाब असला की काटा आपला मधोमध उभा. फोर्डनेही काही गाड्यांत हेच केलं. गिऱ्हाईकाला हलणारा काटा आवडत नाही, हे त्यामागचं उघड गणित. पण मग सरळ दिवा लावा ना! मीटरचं सोंग कशाला? कितीतरी मियाटावाले आता पदरचे पैसे घालून खरा मीटर परत बसवून घेतात, आणि मला ते पटतं.

भाच्याचा काटा अजूनही तापल्यावर उतरतो, वेग घेतला की चढतो. ब्रेकवर मात्र आता बसत नाही. पुढचं तेल बदलताना तो फिल्टर पुन्हा कापणार आहे. फोटो आला की इथे लावीन.