मुंगीच्या दीड चाली

बालदोस्तांनो, आज एक कोडं. वाघ-बकरीच्या डावात एक चाल वाघाची, एक बकरीची. आपली पाळी आल्याशिवाय कुणीच हलत नाही. मग अशा खेळात एखादी सोंगटी ‘वेगवान’ आहे, हे दाखवायचं कसं? तिला पळता तर येत नाही!

हे कोडं संगणकावरच्या एका खेळप्रकारात फार छान सोडवलंय. १९८० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ तयार केला. अंधाऱ्या भुयारात उतरायचं, खोल्या आणि बोळ धुंडाळायचे, वाटेत राक्षस भेटले की लढायचं. चित्रंबित्रं काही नाहीत. ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ‘ॲट’चं चिन्ह म्हणजे तुम्ही आणि इंग्रजी अक्षरं म्हणजे राक्षस! याच घराण्यातला ‘नेटहॅक’ हा खेळ १९८७ साली आला. तो आजही फुकट मिळतो.

नेटहॅकमध्ये साध्या माणसाचा वेग १२ असतो. न्यूट नावाच्या पालीसारख्या प्राण्याचा ६ आणि सैनिक मुंगीचा १८. हे आकडे म्हणजे काय? आपण चिंचोके घेऊन बघू. एक चिंचोका म्हणजे ६ गुण. दर फेरीला न्यूटला १ चिंचोका द्या, माणसाला २ आणि मुंगीला ३. कुठलीही एक चाल करायची, म्हणजे एक घर सरकायचं किंवा एक घाव घालायचा, तर २ चिंचोके मोजावे लागतात. उरलेला शिल्लक टाकायचा.

आता खेळा. पहिल्या फेरीत माणसाची एक चाल होते, त्याचे चिंचोके संपले. न्यूटजवळ एकच आहे, तो बसून राहील. मुंगी एक चाल करेल आणि तिच्याकडे १ उरेल. दुसऱ्या फेरीत माणसाची पुन्हा एक चाल. न्यूटचे २ झाले, आता तो हलेल. आणि मुंगीकडे? शिल्लक १ आणि नवे ३, म्हणजे ४. तिच्या दोन चाली! दोन फेऱ्यांत न्यूटची १, माणसाच्या २, मुंगीच्या ३. प्रत्यक्ष खेळात यात थोडी नशिबाची भेसळ असते, पण सरासरी हीच. म्हणजे पाळीच्या खेळात वेग म्हणजे धावणं नव्हे, तर जास्त वेळा मिळणारी संधी.

आता जिवावरचा प्रसंग. तुमच्या आणि मुंगीच्या मधे ४ रिकामी घरं आहेत. दार १० घरांवर. पळावं का? दर दोन फेऱ्यांत मुंगी तुमच्यापेक्षा एक घर जास्त चालते. ८ फेऱ्यांत ती चारही घरं गिळेल आणि तुम्ही दारापासून २ घरं अलीकडेच सापडाल. थांबायचं नाव नाही, तरी हार ठरलेली! आणि या खेळात मेलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग काय करायचं? बोळात शिरायचं. समजा मुंग्या तीन आहेत. मोकळ्या खोलीत त्या तुम्हाला घेरतील आणि दोन फेऱ्यांत ९ चावे घ्यायची संधी साधतील. बोळात समोर एकच मावते, म्हणून ३ संधी. मुंगीचा वेग तोच राहिला, तरी जागेनं त्याची किंमत उतरवली.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलांना ही युक्ती नवी नाही. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. मावळे पायी, मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार. चिखलातही माणूस घोड्याला किती वेळ मागे ठेवणार? बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे साथीदार घोडखिंडीत उभे राहिले. अरुंद खिंडीत घोड्यांची दौड काय कामाची? महाराज गडावर पोचले. बाजीप्रभूंनी मात्र प्राण दिले. ते खरं होतं, तिथे नवा डाव नव्हता. आज त्या खिंडीला पावनखिंड म्हणतात.

पालकांसाठीही एक गोष्ट. या खेळात तुम्ही कळ दाबेपर्यंत मुंगी जागची हलत नाही. विचार करायला पाच सेकंद घ्या नाहीतर पाच मिनिटं, एकही चिंचोका खर्च होत नाही. वर्गात काही मुलं उत्तर उशिरा देतात. त्यांचा हात वर येईपर्यंत दुसऱ्या कुणी उत्तर सांगून टाकलेलं असतं आणि हळूहळू ती हात वर करायचंच सोडून देतात. घरी त्यांना ‘मंद’ म्हटलं जातं. अशा मुलाला एकदा पाळीच्या खेळाला बसवा आणि त्याच्या पाळीला घाई करू नका. पळण्याऐवजी बोळ शोधायचं त्यालाच आधी सुचलं, तर नवल नाही.

आता चौकटीची वही काढा. खोल्या आणि बोळ आखा, भुयाराला ‘अंधारबाव’ नाव द्या, पन्हाळ्यावरच्या विहिरीसारखं! चिंचोके वाटा आणि खेळा.

जाता जाता गणित : वेग ९ असलेला प्राणी ४ फेऱ्यांत किती चाली करेल? अर्ध्या चिंचोक्याचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. उत्तर पुढच्या अंकात!