भर दुपारी सावली नाही

तहसीलच्या पुरवठा शाखेत माझी बत्तीस वर्षं गेली. त्यामुळेच असेल, कॅसिओडोरसची पत्रं वाचताना मला एखाद्या जाणत्या वरिष्ठाची परिपत्रकं हाती आल्यासारखं वाटलं.

गोष्ट इ.स. 536 च्या सुमाराची. कॅसिओडोरस इटलीतल्या ऑस्ट्रोगॉथ राज्याचा बडा अधिकारी. करवसुली आणि धान्यपुरवठा त्याच्याच अखत्यारीत. हाताखालच्या अधिकाऱ्याला तो कळवतो की सूर्य निळसर दिसतो, भर दुपारी अंगाची सावली पडत नाही, उन्हाला धग नाही. चंद्र पुरता भरला तरी त्याला तेज नाही. फळं गारठून टणक झाली, द्राक्षं आंबटच राहिली.

प्रोकोपियस या इतिहासकारानेही तो चंद्रासारखा निस्तेज सूर्य नोंदवला, पण त्याला तो अपशकुन वाटला. कॅसिओडोरस मात्र आपल्या माणसाला धीर देतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये हवा दाट साचली आहे, म्हणून हे घडतंय, असं समजावतो. यामागे ज्वालामुखी आहे याची त्याला कल्पनाही नव्हती, तरी तो खऱ्या कारणाच्या किती जवळ पोचला! उत्तर गोलार्धात झालेल्या प्रचंड उद्रेकातून गंधकाचे सूक्ष्म कण वातावरणात उंच पसरले होते. ग्रीनलंडच्या बर्फात त्याची खूण सापडते. 540 मध्ये दुसरा उद्रेक झाला आणि युरोपातले उन्हाळे वर्षानुवर्षं थंडच राहिले.

पत्राच्या शेवटी आदेश आहे: गेल्या वर्षीचं पीक भरपूर आलंय, त्या साठ्यातून यंदाची तूट भरून काढा. त्याच काळातल्या दुसऱ्या पत्रात तो मिलानच्या बिशपला कळवतो की पाविया आणि तोर्तोना इथल्या कोठारांतलं एक तृतीयांश भरडधान्य एका सुवर्णनाण्याला पंचवीस मापं या दराने गरजूंना विका. ज्यांचं घरच्या धान्यावर भागतं, त्यांच्या हाती ते जाऊ देऊ नका. आमच्या शाखेतला अर्धा दिवस याच वाक्यावर खर्च व्हायचा.

536 ला हल्ली ‘इतिहासातलं सर्वांत वाईट वर्ष’ म्हणतात. त्या काळोखाचं वर्णन सगळे चवीने करतात, कोठारं उघडणाऱ्या या माणसाचं नाव क्वचितच निघतं. मला हा अन्याय वाटतो. त्याच्या आदेशांनी इटलीतली उपासमार टळली नाही. युद्ध चालू होतं आणि पुढच्या काही वर्षांत तिथे माणसं भुकेने मेली. तरीही सूर्य मंदावल्याची आणि कोठारात किती उरलंय याची दखल एकाच टेबलावर घेतली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. 1972 च्या दुष्काळात आमच्या गावात सुकडीच्या रांगेत मी उभा राहिलोय. वेळेवर लिहिलेल्या कागदाची किंमत मला तेव्हापासून ठाऊक आहे.

नव्याने रुजू झालेल्या तलाठ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पैसेवारीचा आकडा भरण्याआधी बांधावर जा, आणि डोळ्यांना दिसेल तेच लिहा.