मातीत घातलेला पैसा

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या वर्षी एका तासाला आमचे सर ग्रामीण साहित्यातील घराविषयी बोलत होते. मातीचे घर श्वास घेते, ते उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार राहते, सिमेंटच्या घराला आत्मा नसतो, असे ते म्हणाले. वर्गाने माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण सर बोलतातच तसे. पण घरी येऊन हे मी आजीला सांगितले, तेव्हा ती हातातले सूप खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या सरांना म्हणावं, माझी माय त्याच मातीखाली घुसमटून गेली." आणि पुन्हा ज्वारी पाखडू लागली.

आजीचे माहेर किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते, आणि चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आजीचा भाऊ सालगडी होता. मालकाच्या शेतात राखणीला गेला होता म्हणून तो वाचला. आई आणि भावजय घरात होत्या.

घर माळवदाचे होते. आमच्या भागातील जुने माळवद ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांच्या मध्ये चुन्याऐवजी माती. वर लाकडी तुळया, फळ्या, आणि त्यांवर फूटभर किंवा त्याहून जाड मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून दरवर्षी वर थोडी पांढरी माती टाकायची. म्हणजे घर जसजसे जुने होई तसतसे त्याचे डोके जड होत जाई. हे घर थंड असे, हे सरांचे म्हणणे शंभर टक्के खरे. पण त्या जाड भिंतीला दोन चेहरे असत. बाहेरच्या बाजूचे दगड वेगळे, आतल्या बाजूचे वेगळे, मध्ये खडे आणि माती यांची भरती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. जमीन हलली तेव्हा भिंत पुस्तकाच्या पानांसारखी उघडली आणि वरची माती खाली आली.

येथे मला माझे मत मांडायचे आहे. आजीचे दुःख मोठे आहे, सरांचे प्रेमही खोटे नाही. पण दोघेही मातीविषयी बोलतात आणि प्रश्न मातीचा नाही. तो बांधणीचा आहे. आमच्या भागात भूकंपानंतर लोकांनी दगडमातीचा धसका घेतला आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे समीकरण मनात पक्के केले. त्यामुळे आज गावोगावी जी पक्की घरे उभी राहतात त्यांतील कित्येकांना मी तरी पक्के म्हणणार नाही.

हे मी कोणत्या अधिकाराने बोलते, असे कोणी विचारील. माझे वडील गवंडी आहेत. आई त्यांच्याच हाताखाली बिगारी म्हणून काम करते. दहावीपासून प्रत्येक सुट्टीत मी घमेली उचलली आहेत, विटा भिजवल्या आहेत आणि भिंतींना पाणी मारले आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तीस वर्षे लोकांची घरे बांधणाऱ्या माणसाला स्वतःचे घर बांधायला गेल्या वर्षी योग आला. घरकुल मंजूर झाले, आईच्या नावावर. तोवर आम्ही भूकंपानंतर डागडुजी केलेल्या जुन्या दोन खणांत राहत होतो.

आमची जागा काळ्या रानाला लागून आहे. काळी माती पिकाला आई आणि घराला सावत्र आई, असे अण्णा म्हणतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात तिला एवढ्या भेगा पडतात की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जावा. अशा मातीवर पाया ठेवला तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खाली बसते. चारही कोपरे सारखे उचलले गेले असते तर काही बिघडले नसते, पण तसे होत नाही. न्हाणीचे पाणी ज्या कोपऱ्यात मुरते तो कोपरा फुगतो, उन्हाचा कोपरा आकसतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी तडे जाऊ लागतात. मग घरमालक गवंड्याला शिव्या देतो. सिमेंटवाल्यालाही देतो. मातीला कोणी काही म्हणत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदायचे. आमच्याकडे तीन फुटांवर काळी होती, चार फुटांवर होती, पाच फुटांवरही होती. मुरूम लागला साडेसहा फुटांवर. त्या दिवशी मामा आले होते. खड्ड्यात डोकावून म्हणाले, "दाजी, घर बांधताय का विहीर?" अण्णा हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी पहारीने मुरूम ठोकून पाहिला आणि वर येऊन एवढेच म्हणाले, "आता लागला."

मामांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पुढच्या वर्षी थोरल्या ताईचे लग्न करायचे आहे. पाहुणे घर बघायला येतील ते समोरचा रंग, दारातला खांब आणि आतली चकचकीत फरशी बघतील. साडेसहा फूट खाली काय आहे ते कोण बघणार? "सगळा पैसा मातीत घातला," असे भावकीतही बोलले गेले. खरेच घातला. घरकुलाच्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक जोत्यापर्यंतच संपली, आणि त्यात अण्णा-आईची मजुरी धरलेली नाही.

जुन्या घराच्या भिंती उतरवून त्यांतलेच काळे दगड अण्णांनी छिन्नीने घडवून पायात घातले. या वेळी सिमेंटच्या मालात, आणि दर चार फुटांवर आरपार एक लांब दगड. जोत्यावर चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा, सळई कोपऱ्यात तोडलेली नाही, वळवून पुढच्या भिंतीत नेलेली. दारे-खिडक्यांच्या डोक्यावर तसाच दुसरा पट्टा. दोरीने गाठोडे बांधावे तसे हे घर दोन ठिकाणी बांधलेले आहे. जोत्याच्या आत भरायला खोदलेली काळी माती फुकट पडली होती, पण अण्णांनी तीही घेतली नाही. मुरूमच आणला. काळी माती आत भरली असती तर फरशी उखळली असती.

सरकारी योजनेविषयी थोडे बोलणे भाग आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिच्या मूळ मांडणीत सपाट भागातील घराला १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ भागातील घराला १ लाख ३० हजार रुपये असे धरले होते. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे. डोंगरात माल वाहून न्यायला खर्च जास्त येतो, म्हणून दहा हजार अधिक, हे न्यायाचेच झाले. पण काळ्या मातीत खाली उतरायला खर्च जास्त येतो, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. नकाशावर आम्ही सपाट. शिवाय हप्ता मिळतो तो बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो पाहून. फोटोत जोते दिसते, जोत्याखालची खोली दिसत नाही. दोन फुटांवर उभारलेले जोते आणि साडेसहा फुटांवरून आलेले जोते फोटोत सारखेच दिसतात, आणि हप्ताही सारखाच मिळतो. मग कोण कशाला खोल जाईल? माझी सूचना साधी आहे. पाया भरण्यापूर्वी उघड्या चरात टेप सोडून एक फोटो घ्यावा, आणि मुरूम जितका खोल तितकी रक्कम वाढवावी. माझी ही सूचना कोणी ऐकेल असे नाही, पण वार्षिक अंकात छापली जाईल एवढे तरी होईल.

याच संदर्भात भूकंपानंतरची एक गोष्ट आठवते. तेव्हा ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे तीन मापांची होती : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणते, हे घरातली माणसे मोजून ठरले नाही, शेतजमिनीवरून ठरले. आजीच्या भावाला जमीन नव्हती. त्याला २५० चौरस फूट मिळाले. मेलेल्या माणसांची मोजदाद सर्वांची सारखी झाली, घराच्या वेळी मात्र सातबारा पुढे आला. हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुठे सापडले नाही, मामाआजोबांच्या तोंडून कळले.

आता विटा. या बाबतीत माझे आणि अण्णांचे भांडण झाले, ते लिहायला हरकत नाही. आपल्या ग्रंथालयात लॉरी बेकर यांच्याविषयी मी वाचले होते. इंग्लंडात जन्मलेल्या या वास्तुशास्त्रज्ञाने केरळात कमी खर्चाची घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची, ही रीत त्यांनी तेथे रुजवली. नऊ इंचांचीच भिंत, पण विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे ऊन आत कमी येते. मी उत्साहाने वहीत चित्र काढून दाखवले. अण्णांनी ते बराच वेळ पाहिले. म्हणाले, "चांगलं हाय. पण माझा हात याच्यावर बसलेला न्हाई, आन् पहिला प्रयोग मी माझ्या लेकरांच्या डोक्यावर करणार न्हाई." मी हरले. अजूनही वाटते की अण्णांनी निदान संडासाच्या भिंतीवर करून बघायला हवे होते.

पण विटेची निवड मात्र माझ्या हिशेबाने झाली. अण्णांची परीक्षा कानाची. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कच्ची. नखाने ओरखडा उठता कामा नये, कमरेच्या उंचीवरून टाकली तर फुटता कामा नये. मी आणखी एक परीक्षा वाचली होती. कोरडी वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात ठेवायची आणि पुन्हा तोलायची. वजन एक पंचमांशाहून अधिक वाढले तर ती वीट नको. शेजारच्या किराणा दुकानाचा काटा मागून आणला. जवळच्या भट्टीची वीट कोरडी २ किलो ८०० भरली, भिजून साडेतीन किलो झाली. म्हणजे पाव हिस्सा पाणी प्यायली. दुसऱ्या भट्टीची २ किलो ९०० ची ३ किलो ३०० झाली. दुसरी महाग होती, लांबूनही आणायची होती. अण्णांनी दोन्ही पुन्हा कानाशी वाजवल्या आणि म्हणाले, "काटा बरोबर बोलतोय." माझ्या आजवरच्या शिक्षणाला घरात मिळालेली ही पहिली पावती.

चांगली वीट, चांगले सिमेंट आणूनही घर वाया जाते ते पाण्यामुळे. काम सोपे जावे म्हणून मालात भसाभस पाणी ओततात, आणि जेव्हा पाणी द्यायला हवे तेव्हा देत नाहीत. काँक्रीटला निदान आठवडाभर, शक्य तर दोन आठवडे ओलावा लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातही दोन घरे बांधून झाली. प्यायला पाणी नाही तर भिंतीला कोठले? आज त्या घरांचा गिलावा बोटाने उकरता येतो. म्हणून आम्ही काम दिवाळीनंतर काढले. विहिरीला पाणी होते. पहाटे आणि संध्याकाळी पाणी मारण्याचे काम माझे होते, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेत मला गुण कमी पडले त्याचे एक कारण हेही आहे, हे सरांनी समजून घ्यावे.

फरशीचा निर्णय आईचा. मामा म्हणत होते चकचकीत टाइल्स बसवा. आईने लोकांच्या बांधकामांवर अशा फरशीवर ओल्या पायांनी घमेली नेली आहेत, दोनदा पडली आहे. तिला शहाबादी हवी होती. खरबरीत, थंड, धान्य वाळवायला बरी, फुटली तर एकच बदलता येणारी. आजीचे म्हणणे आणखी वेगळे : चुलीपुढचा तुकडा तरी सारवणाचा ठेवा. माझ्या सरांच्या मातीवर चिडलेली हीच आजी.

शेवटी फरशीपर्यंत पैसाच पुरला नाही. बाहेरच्या खोलीत शहाबादी बसली, आतल्या खोलीत अजून ठोकलेला मुरूम आहे. आजी तो स्वतः सारवते आणि खूश आहे. बाहेरून गिलावा नाही, विटा उघड्या आहेत. छपरावर सध्या पत्रा. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, तेव्हा सरांची आठवण होते. वर स्लॅब कधी पडेल ते ताईच्या लग्नाच्या खर्चावर अवलंबून आहे. एक स्थळ घर पाहून परत गेले. दुसरे येत्या महिन्यात येणार आहे. मुलाचे वडील सुतार आहेत असे ऐकतो. अण्णांनी जोत्याशेजारी एका जागी खड्डा थोडा उघडा ठेवला आहे, ते बुजवायला तयार नाहीत. म्हणतात, पाहुण्यांना दाखवायचा आहे.