उभ्या गाडीचा वाली कोण?
गुरुग्रामच्या ब्लूस्मार्टच्या विजेच्या टॅक्सी एप्रिल २०२५मध्ये अचानक थांबल्या. त्यातल्या कित्येक गाड्या कंपनीच्या नव्हत्याच. जेनसोल इंजिनिअरिंगने घेऊन तिला भाडेपट्ट्यावर दिलेल्या. शेअर बाजाराची नियामक सेबी हिच्या जेनसोलविरुद्धच्या १५ एप्रिलच्या अंतरिम आदेशात हिशेब होता: कर्ज ६,४०० गाड्यांसाठी, खरेदी ४,७०४ गाड्यांची. चर्चा साहजिकच न घेतलेल्या गाड्यांची झाली. मला घोर लागला तो घेतलेल्यांचा. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, ब्रेक पॅडही जास्त टिकतात, म्हणून देणारा आणि घेणारा दोघंही देखभालीचं कलम वरवर चाळतात. पण उभी गाडीही खर्च मागते. आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मान टाकते आणि गाडी सुरूच होत नाही. मोठी बॅटरी पार उतरू दिली तर कायमची अधू होऊ शकते, त्यात तिकडचं मे महिन्याचं ऊन. गाडी धावत असते तोवर सर्व्हिसिंग, पंक्चर, विमा यांची वाटणी करारात असते. मालक अडचणीत आणि भाडेकरू बंद, मग चार्जर कोणी लावायचा? गुरुग्रामच्याच सायबर सिटीत पगारातून लीजवर गाडी घेणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: टायर पॅकेजमध्ये आहेत का (गाडी जड, ते लवकर झिजतात), तुंबलेल्या पाण्यात बॅटरी बिघडली तर विमा मिळतो का, आणि लीज कंपनीच बुडाली तर सर्व्हिस सेंटरचं बिल कोणाच्या नावावर? पहिल्या दोन प्रश्नांना सेल्समन उत्तर देतो. तिसऱ्याला तो चहा मागवतो.